बॅटरी उतरेना

४ ऑक्टोबर

आज पुन्हा वीज गेली. सगळी गल्ली अंधारात, आणि आमच्या फळीवरचा हिरवा ठिपका तसाच! दुकानातून आलो तो आधी त्याच्याकडेच बघितलं. रागच आला.

यंत्राचा काय दोष? आमची ही वारली तेव्हा लेक महिनाभर येऊन राहिली. परत निघायच्या आदल्या दिवशी तिने हे बसवलं — काडेपेटीएवढा कॉम्प्युटर आणि घरभर चार सेन्सर. दार उघडलं, गॅस सुटला, घरातल्या बोळातून मी चाललो, खोली तापली — सगळं तिला तिकडे, समुद्रापलीकडे, फोनवर दिसतं. ‘बाबा, विजेचं तुमच्याकडे, बाकीचं माझ्याकडे,’ म्हणाली. विजेचं माझ्याकडेच असणार! हयात गेली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर दुरुस्त करण्यात.

५ ऑक्टोबर

सुरुवातीला मी त्याला एक जुनी, दमलेली बॅटरी जोडली होती. वीज गेली की ती मान टाकायची, यंत्र बंद, आणि घटकाभरात लेकीचा फोन.

‘बाबा, बरे आहात ना?’ ‘बरा आहे.’ ‘वीज गेली का?’ ‘गेली.’ ‘जेवलात?’ ‘हो.’

झालं, संपलं. पण तो आवाज मला दोन दिवस पुरायचा.

मग माझ्यातला कारागीर जागा झाला. लोकांची कामं पक्की आणि घरचं कच्चं? नवी कोरी बॅटरी आणून जोडली. आता वीज गेलेली यंत्राला कळतसुद्धा नाही. आणि फोनही येत नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

६ ऑक्टोबर

ही असताना बोलायचं काम हिचं. फोन हिच्या हातात, मी दारात उभा — ‘थंडी आहे का विचार. झोप होते का विचार.’ इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, सगळं हीच करायची. आता फोन मी हातात घेतो, लेकीचा नंबर काढतो, आणि पहिलं वाक्यच सुचत नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं, ‘पत्रास कारण की’. कारण नसताना कसं लिहायचं, ते नाही शिकवलं.

८ ऑक्टोबर

शेजारच्या दुकानातला शिंपी. तोंडात टाचण्या धरल्या तरी याची जीभ मोकळीच.

‘बॅटरीवाले, तुमची पोरगी तुम्हाला बघते की तुमच्या दाराला?’

‘दारातून मीच जातो ना?’

‘एक वायर उपटा. फोन नाही आला तर पँट फुकट शिवून देतो!’

‘ते खोटं होईल.’

‘मग बसा भिंतीशी खरं बोलत.’

९ ऑक्टोबर

देवापुढे बसलो, पण नाव ओठात आणि मन वायरीत. वायर उपटायची म्हणजे लेकीला खोटं सांगायचं. ते होणार नाही माझ्याने. पण चार्जर? चार्जर काढला म्हणजे काही यंत्र बंद केलं नाही. बॅटरी भरायची थांबवली, एवढंच. पुढे ती उतरली तर तिची ती उतरली. त्यात मी कुठे आलो?

काढला चार्जर. देवाला हसू आलं असेल.

११ ऑक्टोबर

मीटर लावून बघितलं. १२.७ व्होल्ट. हललीच नाही!

१४ ऑक्टोबर

१२.६. मीटर बदलून बघितला. तेच.

हे यंत्र सदानकदा झोपलेलं. मधूनच डोळा उघडतं, चारही सेन्सरांना हाक मारतं, लेकीला कळवतं, की परत झोपलं. खाणं चिमणीएवढं. आणि बॅटरी कोणी निवडलेली? मीच! स्वतःच्या हुशारीवर इतका कधी चिडलो नव्हतो.

दुकानात एका गिऱ्हाइकाला झापलं, ‘बॅटरी अशी उपाशी ठेवतात का? मरते ती!’ बोलून गेलो आणि जीभ चावली.

१९ ऑक्टोबर

१२.२. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला. समोरच्या घरात कोणाचा तरी वाजला तरी हात जातो.

आज बोळातून उगाच दोन खेपा जास्त मारल्या. म्हटलं, तिच्या फोनवर तेवढाच मी जास्त दिसेन. मग वाटलं, बघेल तेव्हा तिला काय दिसत असेल? कोणीतरी गेलं, कोणीतरी आलं. माझी चाल कळते का त्या सेन्सरला? हिला कळायची. चपला काढायच्या आधीच विचारायची, ‘आज काय बिनसलं?’

२४ ऑक्टोबर

११.९. आता आज नाही तर उद्या मान टाकणार. शिंप्याला सांगितलं. तो असा खूश, जणू त्याच्याच घरी फोन येणार!

त्याची बायको मशीनवर होती. वहिनी कधी आमच्या बोलण्यात पडत नाहीत. आज पाय थांबवला.

‘भाऊजी, आई गेल्याचंसुद्धा पोरीला फोनवरच कळलं ना? आता तुमचं यंत्र गप्प झालं की तिकडे एकटी काय काय मनात आणेल ती?’

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. तरी बोलला नाही.

२५ ऑक्टोबर

सकाळी देवापुढे डोळे मिटले तर वहिनींचं बोलणंच ऐकू आलं. प्रार्थना अर्धी टाकून उठलो आणि चार्जर लावला. लेकीच्या काळजाचं पाणी करून मिळणारा फोन नको मला. नाही आला तर नाही आला. ती तिथे सुखात असावी, एवढं मागितलं.

मागितलं खरं. पण बॅटरीशेजारी तसाच जमिनीवर बसून राहिलो. दुकान उशिरा उघडलं. ही असती तर म्हणाली असती, ‘आणा इकडे तो फोन, मी लावते.’

२६ ऑक्टोबर

लेकीचा फोन आला! दुकानात, भर गिऱ्हाइकांत. पहिलंच वाक्य — ‘बाबा, चार्जर परत का लावलात?’

‘तुला... तुला कसं कळलं?’

‘बॅटरीचा आकडा पण येतो की मला. रोज उतरताना बघत होते. परवापासून तर फोन उशाशी घेऊन बसले होते, आता बंद पडेल, मग पडेल.’

‘अगं, मग आधीच का नाही केलास फोन?’

हळूच म्हणाली, ‘बंद पडलं असतं तर विचारायला काहीतरी असतं ना, बाबा.’