शेवटच्या पायरीखालची वाळू

१० ऑगस्ट, रविवार
आजपासून मी किनारा-निरीक्षक. पगार नाही, टोपी मिळाली. घट्ट आहे, होईल सैल. गटात तिघे: प्रमुख म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा टेलर आणि मी. काम किरकोळ. गल्लीच्या टोकाला किनाऱ्यावर उतरायच्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत. दर रविवारी शेवटच्या पायरीपासून खाली वाळूपर्यंत टेप धरायची, आकडा ग्रुपवर टाकायचा. जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचले, मला कोण शिकवणार?
आज चाळीस सेंटिमीटर. बाई म्हणाल्या, पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर परत आणतात. म्हणजे काळजी नको.
हिला पाण्यात पाय सोडून बसायचंय. हार्टचं दुखणं झाल्यापासून खाली गेलेली नाही, त्या पायरीवरून उडी कशी मारणार? म्हटलं, नोव्हेंबरात वाळू पायरीला लागेल, हात धरून नेतो. शब्द दिला.

३१ ऑगस्ट
बावन्न. टेप ओली झाली की ताणते. टेलर म्हणतो, ही फायबरची आहे, ताणत नाही. त्याने कपडे शिवावेत.
संकल्प: पहाटे चालणे. हिलाही अंगणात दोन फेऱ्या. आज दोन्ही राहिलं.

२१ सप्टेंबर
पासष्ट. बाई म्हणाल्या, बंदराचा नवा बंधारा झाल्यापासून वाळू कदाचित इकडे येणारच नाही. ‘कदाचित’ म्हणाल्या, हे महत्त्वाचं. घरी सुधारणा आहे असं सांगितलं.
स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येताना ही दोनदा बसली. हवा दमट आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. म्हणजे गोळी लागू पडतेय.

५ ऑक्टोबर
ही म्हणाली, अहो, टेलरला सांगून मला खुर्चीतून उचलून नेलं तर? जरा वेळ बसेन आणि येऊ. मी म्हटलं, खुर्चीतून कशाला? लोकांना वाटेल आजारी आहेस. थोडे दिवस कळ काढ, स्वतःच्या पायांनी उतरशील. ही परत भाजी निवडायला लागली. पटलं असावं.

१९ ऑक्टोबर
वाळूला थोडी मदत करायचं ठरवलं. फावडं आणि घमेलं घेऊन गेलो, पायरीखाली चांगली गुडघाभर भर घातली. नेमक्या बाई आल्या. मापाच्या जागीच भर घालता? म्हणून भडकल्या. मी म्हटलं, सुरुवात कुणीतरी करायला हवी. संध्याकाळच्या भरतीने सगळं धुऊन नेलं. कंबर धरली आहे. हिने पडल्यापडल्या बाम चोळला, मग स्वतःच धापा टाकत बसली.

९ नोव्हेंबर
नव्वद. खालची पायरी तडकली. नगरपालिकेने दोरी बांधून वाट बंद केली. तात्पुरती असणार.
हिने विचारलं, किती राहिलं? म्हटलं, चार बोटं. ही हसली. म्हणाली, बरं झालं.

१६ नोव्हेंबर
हॉस्पिटल. मुलगी आली. कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा, आईला सगळे आकडे माहीत आहेत. बाईंनी तिला पहिल्याच महिन्यात ग्रुपवर घेतलंय. दर रविवारी ती मोबाईलवर बघते आणि मग तुमच्या तोंडून ऐकते.
मी आत गेलो. नाकात नळी होती. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही इतक्या उत्साहाने सांगायचात. हिरमोड करवेना.
औषधं आणायच्या निमित्ताने बाहेर आलो. औषधं सकाळीच आणली होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ठरलं. खुर्चीच. पायऱ्या बंद आहेत, पण पलीकडे होड्या ओढायचा उतार आहे, तिथून जमेल. टेलर, त्याचे दोन कारागीर आणि मी. हात असलेली खुर्ची आणून टेलरला बसवून उचलून पाहिलं. टेलर जड आहे, ही हलकी. डॉक्टरांना म्हटलं, घरी सोडा, बुधवारी नेतो. ते म्हणाले, बघू. म्हणजे हो.
हिला सांगितलं. म्हणाली, आता राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या काय? सगळी तयारी झाली. हिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तयार आहे.

२३ नोव्हेंबर
ही सकाळी गेली.

७ डिसेंबर, रविवार
मुलगी म्हणते, आमच्याकडे चला. म्हटलं, रविवारचं काम आहे.
टेलर बोलवायला आला. आता उतारावरच्या खांबापासून मोजतात. तो टेप धरून वाकला, आकडा मी वाचायचा. वाचता येईना. त्याने स्वतः वाचला, ग्रुपवर टाकला. मग मला म्हणाला, बसा जरा. बसलो. एक लाट पायांवरून गेली. एवढे रविवार आलो, पण पाण्यात पाय कधी घातला नव्हता. पाणी फार गार आहे. मनात आलं, बरं झालं आणलं नाही, हिला सोसलं नसतं. हे लिहून ठेवायचं म्हणून तसाच घरी आलो.
लिहिलं. वाचून पाहिलं.
सोसलं असतं.