वाडीच्या गाडीची तजवीज

मी, सगुणाबाई कुशाबा गोळे, वय वर्षे बहात्तर, राहणार भरे, तालुका मुळशी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर आणि ओढ्याकडचं भाताचं खाचर मुलगा शेखर याला मिळावं.

२. जाऊ धोंडाबाई हिला तांब्याचा बंब द्यावा. कातकरी वाडीवरची माणसं मी ओसरीवर बसवते म्हणून तिने माझ्याकडचा चहा सोडला. माझा राग गेलेला नाही. पण थंडीत तिचे गुडघे धरतात.

३. उरवडे रस्त्यालगतच्या भाड्याच्या खोल्या यजमानांनी माझ्या नावावर केल्या होत्या. त्या वाडीतल्या बायकांच्या मंडळाला द्याव्यात, विकू नयेत. भाड्यातून वाडीच्या आजाऱ्यांना नेणाऱ्या गाडीचं डिझेल, चालकाचा पगार आणि दर आठवड्याला वर जाऊन गरोदर बायांना, म्हाताऱ्यांना तपासणाऱ्या नर्स गौतमीताईंचं मानधन भागावं. अंमलबजावणी डॉ. जुईली केतकर यांनी करावी. त्या गावाचं आणि वाडीचं, दोन्हीकडचं ऐकून घेतात.

शेखरला हे पटलेलं नाही, म्हणून कारण लिहिते.

आमच्या लावणीला येणारा कान्हू हिलम डोंगरावरच्या कातकरी वाडीत राहतो. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको पारू बाळंतपणात अडली. तेव्हा वाडीसाठी एका संस्थेची गाडी होती, ती तिला आणायला निघाली. त्याच वेळी माझ्या छातीत कळ आली आणि मी अंगणात कोसळले. शेखरने गाडी रस्त्यात अडवून मला पिरंगुटला नेलं. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. इकडे पारूला झोळीतून खाली आणत होते. ती वाटेतच गेली. बाळही गेलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी कान्हू दारात आला.

"आजी, बरं हाय का आता?"

"बरी हाय रं. पारू कशी हाय?"

"न्हाई ऱ्हायली."

शेखरने केलं ते आईसाठी. त्याला कोणत्या तोंडाने बोलू? गाडीत तर मी होते. पुढे संस्थेचा निधी संपला, गाडी गेली. मी दागिने मोडून जुनी गाडी घेतली. लोक मला पुण्यवान म्हणतात. ऐकवत नाही.

४. निघालेली गाडी मध्येच कोणी वळवू नये, माझ्यासाठीही नाही. कोणाला आधी न्यायचं ते गौतमीताई ठरवतील.

५. गाडीवर पारूचं नाव घालावं, असं मी इथे लिहिलं होतं. साक्षीला बोलावलेल्या कान्हूला ते वाचून दाखवलं.

"नाव नगं, आजी. अडलेली बाई त्यात बसंल. तिला भ्या वाटंल."

"मग मी काय करू रं?"

"गाडी चालू ठेवा. बाकी तुमचं तुमी बगा."

म्हणून ते कलम खोडलं आहे. गाडीवर कोणाचंही नाव घालू नये.

खाडाखोड माझ्याच हातची आहे. साक्षीदारांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: सगुणाबाई कुशाबा गोळे

साक्षीदार:
कान्हू लक्ष्मण हिलम
डॉ. जुईली केतकर

स्थळ: भरे
दिनांक: ९ जानेवारी २०२५