तात्यांची सही

घाटकोपर, मंगळवार, १३ ऑगस्ट १९६८

परवा मी घरी नव्हतो, म्हणून सुमनच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या वडिलांनी, तात्यांनी, सही केली. मोडीत, हात न उचलता, एका दमात. इंग्रजी शाळेतल्या बाईंना वाटलं, पोरीनेच रेघोट्या मारल्या. सुमनला तासभर बाकावर उभं केलं.

गिरणीत अर्ध्या खात्याची गावची पत्रं ज्यांनी लिहिली, त्यांची सही म्हणजे रेघोट्या! जाऊन सांगायला हवं होतं बाईंना. नाही गेलो. काल ती सही खोडली आणि वर माझी इंग्रजी ठोकली. माझी तरी कुणाला वाचता येते? पण चालते.

आज कामावरून आलो, तर तात्या पाटी घेऊन बसलेले. सुमन इंग्रजी अक्षरं शिकवत होती, "आजोबा, आरचं पोट बाहेर काढा ना!" मी उगाच तिच्यावर ओरडलो.

"तिच्यावर कशाला ओरडतोस रे? मीच शिकव म्हटलं," तात्या म्हणाले.

चैन पडेना. पुन्हा प्रगतिपुस्तक काढलं. खोडलेल्या सहीखाली तात्यांनी मोडीतच आणखी एक ओळ लिहिली आहे, काल घाईत ती दिसलीच नव्हती. नातीचं कौतुक असेल? की बाईंना काही निरोप? बी.कॉम. झालेल्या मला ती वाचता येत नाही, आणि तात्यांना विचारायला तोंड नाही.