कड्याखालून आलेली ओ

मृत्युपत्र लिहून ठेवणार धोंडाबाई भ्रतार रखमाजी खुटवड, वय अदमासे साठ, धंदा चहाचे दुकान, राहणार मौजे शिवरे. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू पाहणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावले आहे.

१. शिवरे येथील सडकेकडचे घर व दुकान मी स्वकष्टाने उभे केले आहे. माझे यजमान वारले आहेत. माझ्यामागे ही मिळकत माझी एकुलती मुलगी साळूबाई हिची. जावई भला माणूस आहे, पण चहा पाण्यासारखा करतो. त्याला चुलीपाशी बसू देऊ नये.

२. माझा पाटा शेजारीण ठकुबाई हिला द्यावा. वरवंटा तिने साळूच्या लग्नात मागून नेला, तो अद्याप तिच्याकडेच आहे. जोडी मोडून ठेवण्यात अर्थ नाही.

३. माझा थोरला भाऊ कोंडिबा, राहणार वेल्ह्याकडील आमची वाडी, याने माझ्या मयतास येऊ नये, असे कलम मला घालायचे होते. ते आता घालीत नाही. कारण असे की, आमची आई अंबूबाई बऱ्याच वर्षांमागे श्रावणात वारली. मला सांगावा मिळाला तेव्हा तिची राख झाली होती. भावाने मुद्दाम कळवले नाही असे धरून मी माहेरची वाट सोडली.

हे मृत्युपत्र करण्याआधी वाडीवरचा कडा एकदा पाहावा, असे मनात आले. म्हणून गेल्या मार्गशीर्षात साळूला घेऊन गाडीने गेले. भावाच्या घरी जायचे नाही, असे गाडीतच सांगून ठेवले. कडा काळा, सुपासारखा आत वळलेला. हाक मारली की तीच हाक परत देतो. लहानपणी आई उतारावर नाचणी कापायची आणि आम्ही गुरांमागे. ती कड्याकडे तोंड करून हाक मारी, म्हणजे आम्ही कुठेही असलो तरी ऐकू येई.

मी हाक दिली, “आयेऽ!” कड्याने परत दिली. मग खालून उंबराकडून तीच हाक आली, पण पुरुषी, घोगरी. साळूने माझा दंड धरला. उंबराखालून कोंडिबा काठी टेकत वर आला.

“बेडके, तूच न्हवं? म्याबी हितं येतुया आईला साद घालाय.”

मला बेडकी म्हणणारे जगात दोघेच होते, आई आणि हा. तरी मी तोंड फिरवूनच विचारले, “मला का कळवलं न्हाईस?”

“गडी धाडला व्हता. कानंदी नदीला पूर, तो काठावरनं माघारी आला. दुसऱ्या दिशी म्या सोता गेलो, लई वरडलो. पल्याड कुणी न्हाई. आईला किती ठिवणार व्हतो?”

“मग मागनं यायचं हुतं!”

“आलो व्हतो. तुझ्या सासूनं दारातनंच लावून दिलं. म्हनली, तिला तुझं त्वांड बघायचं न्हाई.”

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. सासूबाई आता हयात नाहीत. त्यांच्याशी मी वर गेल्यावर बोलेन. तिथे मात्र मला रडू फुटले, आणि कोंडिबालाही. मग तो एकदम कड्याकडे वळून ओरडला, “बेडकेऽ!” कड्यानेही मला बेडकी म्हटले. मी “कोंड्याऽ” केले. आम्ही इतके ओरडलो की कोणी दरीत पडले समजून वाडीतली माणसे दोर घेऊन धावत आली. साळू हसून हसून खाली बसली.

४. माझ्या अस्थी त्या कड्याखालच्या ओढ्यात सोडाव्यात. रडणाऱ्याने हळू रडावे, तिथे सगळे दुप्पट ऐकू येते.

५. कोंडिबाला मी काही देत नाही, हे त्याच्याच सांगण्यावरून. “मला वाटणी नगं, साक्षीला बसव. भन शानी हाय ह्ये सांगाय कुनीतरी पायजे,” असे तो म्हणतो. तो शेजारीच बसला आहे.

६. अंमल साळूने करावा, परंतु घाई करू नये. आईने आम्हाला कड्याच्या माथ्यावर कधी जाऊ दिले नाही. येत्या चैत्रात आम्ही दोघे तिथे चढणार आहोत.

वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो समजला, आणि राजीखुशीने अंगठा केला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: धोंडाबाई भ्रतार रखमाजी खुटवड

साक्षी:
१. निशाणी अंगठा: कोंडिबा, वाडीकर. (माथ्यावर चढण्यास राजी.)
२. चिमाजी, राहणार वरवे बुद्रुक, सही दस्तुर खुद्द.

मुक्काम भोर, तारीख ४ माहे फेब्रुवारी सन १९४०.