न दिलेल्या हरकती

नेरुळ,
सोमवार, २० एप्रिल २०२६

प्रिय क्रांती,

जयभीम. खेडला भावाकडे तुझं बरं चाललंय, असं माझ्या सोनमकडून कळलं. दादा-वहिनींना जयभीम सांग.

इकडे जयंती झाली. घोषणा द्यायला तू नव्हतीस, पोरी लवकरच घरी गेल्या. शिवाचा गुडघा दुखतोय, तरी मार्केटात हमालीला जातो. तुझं घर मी आठवड्यातून एकदा झाडते. परवा आत गेले आणि केरसुणी टाकून बाहेर आले. तुझ्या आईंची काठी तर तू बरोबर नेलीस, तरी ती टेकल्याचा आवाज आला. गटारावरून जाताना तर रोज येतो.

आता लिहितेच.

नव्या प्रभागांचा नकाशा लागला, तो दिवस आठव. आपल्या वस्तीच्या मधल्या गटारावरूनच रेघ मारली होती. अर्धी घरं एका प्रभागात, अर्धी टॉवरवाल्यांच्यात. तू म्हणालीस, "अगं, आता आपल्याला कोणी मोजणारच नाही." दारोदार फिरून तीनशे बारा हरकती गोळा केल्यास. शेवटच्या दिवशी तुला ताप भरला, म्हणून पिशवी माझ्याकडे दिलीस.

मी पालिकेच्या ऑफिसपर्यंत गेले, हे खरं. फाटकाशी भाऊंचा माणूस उभा होता. टॉवरांकडून निवडणुकीला उभे राहणार होते, त्याच भाऊंचा. म्हणाला, "शर्मिलाताई, तुमचं बालवाडीचं कंत्राट जूनला संपतंय ना? भाऊ विचारत होते." एवढंच. हसून म्हणाला.

मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. पाच वाजले, फाटक लागलं. पिशवी तशीच घेऊन आले आणि तुला सांगितलं, "दिले सगळे. पोच मागाहून देणार म्हणाले."

सुनावणीला आपल्यातल्या कुणाचंच नाव पुकारलं नाही. "आमचे कागद गायब केलेत," म्हणून तू टेबलावर हात आपटलास, तर ते म्हणाले, "पोच दाखवा." लोक हसले. मी तुझ्या मागेच बसले होते, क्रांती. जानेवारीत तू उभी राहिलीस, तेव्हा आपलीच माणसं म्हणत होती, ही खोटं बोलते. तू पडलीस.

मग गटारावरची लादी फुटली. इकडचे नगरसेवक म्हणाले, ते तिकडच्यांचं काम. तिकडचे म्हणाले, इकडच्यांचं. दीड महिना ती तशीच राहिली आणि भरदुपारी आई तिथून गटारात पडल्या.

हॉस्पिटलात तू औषधं आणायला खाली गेली होतीस. आईंनी माझा हात धरला. "शर्मे, तू दिलेस ना गं कागद?"

"दिले, आई."

"मंग त्यांनीच वाचले नसतील," म्हणाल्या आणि माझा हात थोपटत राहिल्या. दोन दिवसांनी गेल्या.

तो हात मला माझा वाटत नाही. बालवाडीत पोरांना मी डाव्या हाताने भरवते. पोरं विचारतात, बाई, असं का?

काल विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पिशवी मधोमध ठेवली. वाटलं होतं, कोणीतरी मारेल. कोणी ओरडलंसुद्धा नाही. राजेश्वरी उठली, आपला कागद शोधला, घडी करून घेतला आणि माझ्याकडे न बघता गेली. मग एकेक जण, आपला आणि न आलेल्या शेजाऱ्यांचाही घेऊन. शेवटी तुझा आणि आईंचा, असे दोनच उरले. ते सोबत पाठवतेय. आज सकाळी बालवाडीत सहाच पोरं आली. शिवा माझ्याशी बोलत नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये. तू खोटी नव्हतीस, एवढं माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असावं. हे पत्र ऑफिसात दाखव, पेपरात दे, भाऊंना दाखव. माझं काय होईल ते होऊ दे. म्हणून खाली पूर्ण नाव घालते.

लिहून देणार,
शर्मिला शिवा गमरे