जुन्या पेठेतली गादी

इंदापूर,
ता. २० जानेवारी १९९७

तीर्थरूप दादांना छकुलीचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. माझ्या खोलीचा गिलावा झाला, खिडकीही बसली, हे वाचून बरं वाटलं. तुमच्या जळोचीत म्हणे आता घराला घर लागलंय, त्यात खिडकी शेताच्या अंगाला काढलीत हे शहाणपणाचं केलंत. नाहीतर शेजाऱ्याच्या घरी काय शिजतंय ते बघत बसायची वेळ आली असती माझ्यावर. तसं मला ते चाललंही असतं म्हणा.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी बरीच आहे. हे गेल्याला सव्वा वर्ष झालं, तरी सकाळी दोन कप चहा टाकायची सवय मोडली नाही. दुसरा कप मीच पिते. दुकान चालू आहे. झुंबरभावजी दर रविवारी, बाजारच्या दिवशी, गादीवर बसून बायकांना बांगड्या भरतात. यांचे चुलतभाऊ असले तरी सख्ख्यासारखे वागतात.

पेठेचं विचारलंत. स्टँडजवळ नवे गाळे झाल्यापासून खेड्यातली माणसं एस्टीतून उतरतात, तिथंच भाजी घेतात, तिथंच कापड आणि प्लास्टिकच्या बांगड्या घेतात आणि मिळेल त्या गाडीनं परत जातात. आमच्या पेठेत बाजारच्या दिवशी कुत्रं रस्त्यात मधोमध झोपलं तरी कुणाच्या पायात येत नाही. चार दुकानांना कुलपं आहेत आणि उरलेल्यांत मालकच गिऱ्हाईक असल्यासारखे बसलेले असतात.

म्हणून कापडवाल्या दत्तोबांनी मारुतीच्या देवळात सभा बोलावली होती. पेठ पुन्हा उभी करायची, रविवारचा भाजीबाजार परत आत आणायचा, त्या दिवशी गाड्या बंद ठेवायच्या आणि ज्याचा जो धंदा तो त्यानं ओट्यावर लोकांसमोर करायचा, असं ठरत होतं. पण पुरुषांची सभा ती. पेठेच्या तोंडाशी कमान बांधायची की नाही आणि तिच्यावर कुणाच्या वडिलांचं नाव घालायचं, यातच दिवेलागण झाली. शेवटी भाजीवाली भीमा उभी राहिली. तिला नुसतं विचारायला बोलावलं होतं.

"कमानीचं आमी काय करावं?" ती म्हणाली. "बायामान्सांनी दिसभर हितं बसायचं, मग लघवीला कुठं जायचं? स्टँडवर पडकी का हुईना, सोय हाय. आदी ती बांधा. मग आमी येतो."

दत्तोबा घंटेकडं बघत राहिले. बाकीचेही कुणी छताकडं, कुणी चपलांकडं. पण कमान तिथंच बारगळली आणि चावडीच्या मागं बायकांची सोय बांधायचं ठरलं. विटा दत्तोबांच्या, काम पेठेतल्या पोरांचं, पाणी नगरपालिकेचं. मला फार हसू आलं, पण देवळात हसता येत नव्हतं.

पाडव्याचं तुम्ही विचारलंय ते लक्षात आहे. कागद संपत आला, त्याचं पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
छकुली

ता. क. संक्रांतीला तुमच्या शेजारच्या नागेशबरोबर वहिनींसाठी हिरव्या बांगड्यांचा पुडा पाठवला होता. त्यांच्याच मापाच्या आहेत. पोचला का?

—

इंदापूर,
ता. २४ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप दादांना नमस्कार.

पत्र मिळालं. दुकानाला गिऱ्हाईक बघितलंत, त्याला कांद्याच्या गोण्या ठेवायला जागा हवी आहे आणि पाडव्याला तुम्ही टेंपो घेऊन मला न्यायला येणार, हे सगळं वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही माझ्यासाठी किती धावपळ करता ते मला कळतं. बांगड्यांच्या पुड्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तेव्हा मीही पुन्हा विचारत नाही.

आधी पेठेची हकीकत सांगते. चावडीमागं खरंच बायकांची सोय झाली, दाराला आतून कडीसुद्धा आहे. मग भीमा शब्दाला जागली आणि पंधरा-वीस भाजीवाल्या घेऊन आली. भाजी आत आली तशी माणसं आत आली. चौकात रांजण भरून ठेवतात. कल्हईवाला ओट्यावर भाता घेऊन बसतो आणि पोरं त्याच्याभोवती धूर खात उभी राहतात. कुलूप लागलेली दोन दुकानं उघडली. गेल्या रविवारी धनगरांनी चौकात ढोल लावून गजीनृत्य केलं. पागोटी बांधलेली म्हातारी माणसं हातात रुमाल घेऊन अशी नाचली की दत्तोबा मापाची पट्टी हातात घेऊन दुकानाबाहेर आले आणि गिऱ्हाइकाला विसरूनच गेले.

दादा, मागच्या पत्रात मी भावजी गादीवर बसतात असं लिहिलं. मी कुठं बसते ते लिहिलं नाही. मी पडद्याच्या आत बसते. बाई बाहेर रंग सांगते आणि मी आतून पुडा काढून फटीतून भावजींच्या हातात देते.

आपल्या बापूंनी मला त्यांच्या दुकानात बसवून बाईचा हात कसा धरायचा ते शिकवलं, तेव्हा मी परकर नेसत होते. तुम्हाला ते कधी जमलं नाही म्हणून तुम्ही सोसायटीत चिकटलात. लग्नानंतर हे गल्ल्यावर बसायचे आणि हात माझाच असायचा. पंचवीस वर्षं या गावातल्या बायका माझ्याकडून भरून गेल्या. आणि हे गेल्यावर मला कुणी ऊठ म्हणालं नाही. तेराव्यानंतर दुकान उघडलं आणि माझी मीच पडद्याआड गेले. विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार, हे कुणाच्या तोंडून ऐकायच्या आधी. मला वाटलं, यात मान राहतो.

काल प्रयागबाई आली होती. तुम्ही बघितलंय तिला, निरगुडीकडच्या वाडीवरची धनगराची म्हातारी. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, आता मुलं ऊस लावतात. तिच्या नातवाचं लग्न आहे म्हणून हातभर हिरव्या बांगड्या हव्या होत्या. तिची बोटं संधिवातानं सुजलेली आहेत. आपले भावजी माणूस देवाचे, पण हात दगडाचा. एकामागून एक बांगड्या वाढायला लागल्या. फुटल्या म्हणू नये म्हणून वाढल्या म्हणायचं, पण त्या चांगल्या चुराडा होत होत्या. म्हातारीच्या मनगटाला रक्त आलं.

"आरं, माजा हात हाय ह्यो," ती ओरडली. "मेंढराची लोकर न्हाय वढायला. केशर कुठं हाय?"

"आत आहे, मावशी," मी म्हणाले.

"आत काय अंडी उबवतीयास? भाईर ये."

"मी नको, मावशी. तुम्हाला माहीत आहे ना."

समोरच्या ओट्यावर भीमाचा तराजू हातातच राहिला होता, ते मला फटीतून दिसत होतं.

"म्हाईत हाय," प्रयागबाई म्हणाली. "माजा म्हातारा दमेकरी हाय. त्यो जायाचा तवा जाईल. तवर मी हात सोलून घेत बसू व्हय?"

मी बाहेर आले. भावजी इतक्या चटकन उठले की गादीसुद्धा सरकली. मी बसले, तिचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून बघितलं आणि म्हणाले, हात सैल सोडा, म्हाताऱ्याचं काहीतरी सांगा. ती सांगत राहिली, त्याच्या चिलमीचं, त्याच्या खोकल्याचं, आणि मी भरत गेले. एकही वाढली नाही.

मग तिनं नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते, तो वयानं लहान असला तरी करते, हे आपल्या घरात तुम्ही जन्मभर बघितलंय. आईच्या वयाची ती म्हातारी, गुडघ्यावर हात टेकत माझ्यापुढं वाकली. मी पाय मागं घेतले, तर म्हणाली, "घे की. तुजा हक्काचा हाय."

दादा, मी रडले. सगळ्या पेठेसमोर रडले आणि मला लाज वाटली नाही.

पण खरं तेही लिहिते. तिच्यामागं दोन बायका उभ्या होत्या, त्या काही न भरता निघून गेल्या. दिवसभरात दुसरं कुणी माझ्यासमोर बसलं नाही. म्हणून पाडव्याचं अजून मला काही सांगता येत नाही. त्या कांदेवाल्याला जरा थांबवून ठेवा.

तुमची,
छकुली

—

इंदापूर,
ता. ३१ मार्च १९९७

तीर्थरूप दादांना नमस्कार.

एका म्हातारीच्या नमस्कारावर दुकान चालत नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. मला राग आला होता, चार दिवस पत्र उघडं टाकून ठेवलं. मग वाटलं, भाऊच तो, काळजीपोटी लिहिणारच.

तर ऐका. पुढच्या रविवारी भीमा आली. तराजू बाजूच्या बाईकडं देऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भर, आन् लवकर भर, माजी मेथी सुकतीया." तिच्यामागून तिच्या दोघी जावा आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी भाजीवाल्यांतल्या निम्म्या येऊन गेल्या. त्यांच्याकडं भाजी घ्यायला येणाऱ्या बायका बघतात आणि थांबतात. काही थांबतात, काही पदर सावरून पुढं जातात. नवरीचा चुडा अजून कुणी माझ्या हातून भरून घेत नाही. त्यासाठी भावजींना बोलावणं जातं आणि ते बिचारे तोंड पाडून येतात. असू दे. त्यांच्याइतकं सुटल्यासारखं तर कुणालाच झालेलं नाही. स्टँडवर आपली जुनी कंगवे-आरशांची हातगाडी लावायला गेले परत, आणि जाताना मला म्हणाले, "वहिनी, बायका माझ्याकडं बघून वरडायच्या ते स्वप्नात यायचं."

पडदा मी काढून धुतला. वाळला, पण परत लावला नाही. पडद्याशिवाय पेठ कशी दिसते हेच मी विसरले होते. गादीवरून पार चौकापर्यंतचं दिसतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

कालच्या रविवारी वहिनी काटेवाडीला मावशीकडे जाते म्हणून घरून निघाल्या ना? त्या काटेवाडीला गेल्याच नाहीत. दुपारी गर्दीतून वाट काढत त्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं तुम्हाला काही झालं. त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. संक्रांतीला मी पाठवलेला तोच पुडा होता, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

"वन्सं, ह्या मी घातल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "कपाटावर ठेवल्या हुत्या. खोटं कशाला बोलू? मला भ्या वाटलं. ह्यांच्यासाठी भ्या वाटलं."

मी पुडा जवळ ओढला. मला ते केव्हाच कळलं होतं. पुडा पोचल्याचं तुम्ही कळवलं नाहीत, तेव्हाच. इतके दिवस दोघींनी ते मनात ठेवलं आणि तुम्हाला मधल्या मधे काही पत्ता नव्हता.

"तुमी तिकडं राहायला आल्यावर रोज तोंडासमोर बसणार," वहिनी म्हणाल्या. "मग मी काय रोज तुमच्यापास्नं हात लपवू? त्यापरीस आजच भरा."

त्यांनी मूठ घट्ट आवळून धरली होती. मी घाई केली नाही. तुमच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, बापूंच्या दुकानातून लाखेच्या बांगड्या पळवून तुम्ही त्यांचा गाडा केला होता तीही. त्या हसल्या तसा हात सैल झाला. सगळ्या नीट चढल्या. मग माझी थोरली भावजय माझ्यासमोर वाकली, आणि या वेळी मी पाय मागं घेतले नाहीत.

जाताना म्हणाल्या, "मी काय सांगणार न्हाय त्यांना. तुमीच लिवा." म्हणून लिहिते आहे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काल मी एका कुशीवर सकाळपर्यंत झोपले.

दादा, पाडव्याला टेंपो आणू नका. त्या कांदेवाल्याला माझा नमस्कार सांगा. दत्तोबा म्हणतात, "तुज्या दादाला, जोतीरामाला कळीव, गोण्यांना दुसरीकडं जागा बघ म्हनावं, हितं मान्सांनाच पुरंना झालीया." मी तिकडं राहायला येत नाही म्हणजे तुमच्यावर रुसले असं समजू नका. तुम्ही खोली बांधलीत म्हणून तर मला इथं धीर आला. पाय घसरला तर पडायला जागा आहे, हे माहीत होतं. खोलीत धान्य भरू नका. भाऊबीजेला येईन, तुमच्या त्या खिडकीत बसून चार दिवस आयतं खाईन आणि रविवारच्या आत परत येईन. तोवर पाडव्याला तुम्हीच रिकाम्या हातानं या. पेठेतच गुढी उभी करणार आहोत, कमान नसली तरी.

हे पत्र पोचेल तेव्हा वहिनी पाणी घेऊन येतील. तांब्याकडं बघू नका, हाताकडं बघा. आणि चांगल्या दिसतात असं म्हणा. तुम्ही असलं कधी म्हणत नाही, म्हणून सांगून ठेवते.

आणखी एक. तुम्ही पाकिटावर 'द्वारा झुंबर कासार' असं घालता. यापुढं 'द्वारा' नको. पोस्टमनला पत्ता सापडतो, कालच त्याच्या बायकोला मी बांगड्या भरल्या.

तुमची छकुली,
म्हणजेच
केशरबाई कासार,
बांगड्यांचे दुकान,
जुनी पेठ, इंदापूर