माझ्या मशीनवर चालतं

सोमवार, ६ मे २००२

आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. वहीचा भरवसा नाही. भागुबाई झाडताना पानं उलटते, तिला वाचता येत नसलं तरी. इथे बंदोबस्त पक्का आहे. एक, हा मराठी फॉन्ट फक्त माझ्या मशीनवर आहे; दुसरीकडे फाइल उघडली तर अक्षरांचा नुसता चिवडा दिसेल. दोन, फाइलला नाव दिलं आहे 'रीडमी'. मला वाचा. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर या नावाची सूचनांची फाइल येते आणि ती जगात कोणी उघडत नाही. मी स्वतः आजवर एकही उघडलेली नाही.

'तासिका' पूर्ण. शाळेचं वेळापत्रक लावणारा आणि गैरहजर शिक्षकाचा तास कोणाला द्यायचा ते सांगणारा प्रोग्रॅम. चार महिने लागले. माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे अकरा टाइपरायटर कव्हरखाली आहेत, टायपिंगच्या परीक्षेला यंदा नऊ मुली. त्यामुळे वेळ होता.

योजना: अंजना ३० जूनला रिटायर होते. दौंडला मुख्याध्यापिका, कॉलेजच्या होस्टेलपासूनची मैत्रीण. मग तिने शिरूरला यायचं आणि दोघींनी मिळून इथे कॉम्प्युटर सेंटर चालवायचं. हे मी तिच्यासाठी करते आहे. एकटी राहिली तर ती खंगेल. मला एकटीला काही अडत नाही. तिची अट एकच. १५ जूनला तिच्या शाळेत मुख्याध्यापकांची बैठक आहे; तिथे 'तासिका' तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, मी हात न लावता, चालली पाहिजे. म्हणाली, बानू, तुझ्याकडे तुझं सगळं नेहमीच चालतं. माझ्याकडे चालवून दाखव.

प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर बसवायला सेटअप लागतो. तो विझार्ड नावाच्या आयत्या प्रोग्रॅमने दहा मिनिटांत करून दिला. पाच फ्लॉप्या. माझ्या मशीनवर बसवून पाहिला. उत्तम. काम संपलं.

गुरुवार, ९ मे

दौंड. सेटअप म्हणाला, तुमच्या काही सिस्टिम फाइली जुन्या आहेत, बदलतो, मशीन परत सुरू करा. केलं. परत तेच म्हणाला. परत केलं. सांगितलेलं ऐकणं ही माझी सवय आहे. अकरा वेळा केलं. जालिंदर दारात उभा राहून शेंगा खात होता. याचं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, शाळेचं मशीन तोच बघतो. बाराव्या वेळी म्हणाला, बाई, ते म्हनंल तितक्यांदा करायचं नसतं, त्याला चक्कर आलीया. मग काळ्या पडद्यावर जाऊन त्याने त्या फाइली हाताने बदलल्या. हेच मी सुचवणार होते.

मंगळवार, १४ मे. दुपारी १२

पुण्याहून फोन. मुलींच्या एका वसतिगृहाला रेक्टर हवी आहे. अंजनाच्या शाळेचा फोन लागत नाही, म्हणून अर्जावरच्या दुसऱ्या नंबरवर केला. दुसरा नंबर माझा. निरोप द्या म्हणाले, ५ जूनला मुलाखत, राहायची खोली देऊ.

अर्ज मार्चमधला आहे. मला न सांगता केला. वर माझाच नंबर दिला. याला दगा म्हणतात.

निरोप आज देत नाही. तिच्या डोक्यात सध्या फक्त १५ जून हवा. शिवाय पुण्याची हवा तिला मानवत नाही.

शनिवार, १८ मे

दौंड. सेटअप शेवटपर्यंत गेला. 'तासिका' उघडली आणि लगेच बंद. एक फाइल सापडत नाही म्हणे. वेळापत्रकाच्या चौकटी ज्या फाइलवर उभ्या आहेत, तीच विझार्डने घेतली नव्हती. विझार्डवर मी विश्वास टाकला होता.

जालिंदर म्हणाला, तुमच्या मशीनवर समदं आधीपास्नं हाय, म्हनून तिथं चालतंय. हितं नव्या घरात आलंय त्ये, पीठमीठ संगं द्यायला नगो का. शिक्षण किती विचारलं. म्हणाला, आयटीआय, एका विषयात गेलो. मी बी.एस्सी. आहे, १९६६, गणित, हे त्याला सांगितलं. व्हय व्हय म्हणाला.

निश्चय: यापुढे एकही फाइल सुटणार नाही. ती चौकटींची फाइल, आणि तिच्यासोबत 'तासिका'चं फोल्डर सगळंच्या सगळं सेटअपमध्ये. माझं सगळं त्या एकाच फोल्डरमध्ये असतं. शिस्त म्हणतात ती हीच.

बुधवार, २२ मे

तीन नंबरची फ्लॉपी एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवली होती. तापून वाकली. वाटेत न्हावऱ्याला उतरून परत.

सोमवार, २७ मे

दौंड. 'तासिका' चालली, पण अक्षरांचा चिवडा. शिक्षक, विषय, वार, सगळा चिवडा. अंजना म्हणाली, नुसता प्रोग्रॅमच नाही, सूचनांच्या फाइलीतही कचराच दिसतो, मी आधी तीच उघडली. मी सूचना लिहिलेल्याच नाहीत. वाढवून सांगायची तिची खोड होस्टेलपासूनची आहे. शाळेतल्या बायका तिला मान देतात तो खुर्चीला, हे तिला जुलैत कळेल.

जेवायला ठेवून घेतलं. पिठलं अजून गुठळ्यांचंच. चाळीस वर्षांत प्रगती नाही. दोनदा घेतलं, तिला वाईट वाटू नये म्हणून.

निघताना तिने विचारलं, पुण्याहून कुणाचा फोन आला होता का गं. मी म्हटलं, आमच्याकडची लाइन फार खराब आहे. हे खरं आहे. गेल्या वर्षी चार दिवस बंद होती.

सोमवार, ३ जून

जालिंदरचा फोन. म्हणाला, तुमचा मराठी फॉन्ट हितं न्हाईच, मग अक्षरं कुठनं दिसत्याल, त्यो बी सेटअपमधी घाला. हे मला माहीत होतंच. पहिल्या दिवशीच्या नोंदीत लिहूनही ठेवलं आहे. तरी फॉन्ट घालताना हात थोडा अडखळला. का, ते कळलं नाही. मनात पाल चुकचुकणं वगैरे मी मानत नाही. घातला.

बुधवार, ५ जून

दुपारी तीनला फोन उचलला, दौंडचा नंबर निम्मा फिरवला. मग आठवलं, ती या वेळी पडलेली असते. झोपमोड बरी नाही. ठेवला. संध्याकाळी सहानंतर मुलाखतीचा प्रश्न आपोआप मिटला.

म्हाळू पेंटरला सेंटरची पाटी सांगितली. माझं नाव वर, अंजनाचं खाली, अक्षरं एकाच उंचीची. इतका मोठेपणा दुसऱ्या कोणी दाखवला नसता.

मंगळवार, ११ जून

शेवटचा सेटअप. सात फ्लॉप्या. बैठकीत वाटायला आणखी सहा सेट. बेचाळीस लेबलं टाइप केली. टाइपरायटरवर, म्हणून सरळ आली.

या कामात मला दगा देणारे: विझार्ड. विंडोज, अकरा वेळा. एसटीचं बॉनेट. जालिंदर, त्याला सगळं माझ्याआधी कळतं म्हणून. अंजना, त्या अर्जाबद्दल. पाच झाले. सहावं कोणी आठवत नाही.

गुरुवार, १३ जून

चालली. अंजनाने एकटीने फ्लॉप्या घातल्या, मी हात मागे बांधून उभी होते. सगळी नावं स्वच्छ मराठीत. जालिंदर म्हणाला, आता नांदतंय बघा, बाई. अंजनाने माझा हात धरला. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. म्हणाली, जिंकलीस तू, येते मी शिरूरला. आता दोन दिवस इथेच राहू दे, नीट बघते. आधी त्या सूचना वाचते.

वाच म्हटलं.

शनिवार, १५ जून

सविस्तर लिहिते, कारण असा दगा आयुष्यात झाला नव्हता.

सुरुवात चांगली. बारा मुख्याध्यापक. अंजनाने दोन शिक्षक गैरहजर टाकले, 'तासिका'ने क्षणात त्यांचे तास दुसऱ्यांना दिले. पाटसचे साहेबराव मास्तर म्हणाले, आमच्यात यावरनं भांडणं व्हत्यात, आता मशीनशी भांडा म्हनावं. अंजना सर्वांसमोर मला बानूबाई आणि तुम्ही म्हणत होती. आदराने. आदर जरा जास्तच वाटला. बोलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एवढा मोठा कार्यक्रम, दडपण आलं असेल.

साहेबरावांनी विचारलं, वापरायच्या सूचना हायेत का लेखी. अंजना म्हणाली, आहेत, सव्वीस पानं. मी दोन रात्री बसून सगळी वाचली. पण तुम्हाला त्यांचा उपयोग नाही.

मी सूचना लिहिलेल्याच नाहीत. भर सभेत खोटं.

मग मी सहा सेट वाटले. ते घेऊन लोक उठणार, एवढ्यात अंजना उभी राहिली. म्हणाली, या फ्लॉप्यांमध्ये दोष आहे, आज कोणी घरी नेऊ नका. एकेकाच्या हातातून सहाही सेट काढून घेतले, मोजले, स्वतःच्या पिशवीत टाकले. मी म्हटलं, दोष दाखव. ती म्हणाली, इथे नको.

एकोणचाळीस वर्षांची मैत्रीण. माझं यश तिला बघवलं नाही. परतताना चौफुल्याला चहा घेतला, अर्धा टाकला. निश्चय: पाटीवरचं तिचं नाव रद्द. म्हाळूला उद्याच निरोप.

बुधवार, १९ जून

म्हाळूला निरोप देणं राहून गेलं आहे.

जालिंदर आला होता. हातात अंजनाची पिशवी, बेचाळीसच्या बेचाळीस फ्लॉप्या आणि बंद पाकीट. म्हणाला, हेडबाई म्हनल्या, बानूबाईंच्या हातातच द्या. शाळंच्या मशीनवरची एक फाइल बी त्यांनी माझ्याकडनं पुसून घेतली, पर उघडून बघू दिली न्हाई, पाठीशी उभ्या व्हत्या. मी विचारलं, कुठली फाइल. म्हणाला, त्ये न्हाई का, कुनी उघडत न्हाई ती.

तो गेल्यावर सेटअपमधल्या फाइलींची यादी काढली. एकतिसावी ओळ. रीडमी.

मग पाकीट उघडलं. चिठ्ठी शाळेच्या पॅडवर, तिचं नेहमीचं टपोरं अक्षर:

"बानू, ती फाइल काढ आणि मग सेट वाट. साहेबराव दोनदा विचारून गेले. प्रोग्रॅम खरंच चांगला आहे. वसतिगृहाला मी शुक्रवारी फोन केला. मुलाखतीला चौघी आल्या होत्या, त्यांना कोणी पसंत पडलं नाही. सोमवारी जाऊन आले. एक तारखेला रुजू होते आहे. पिठलं दोनदा का घेतलंस ते वाचून हसले. बाकीचं वाचून नाही."

खाली सही. तिने मला लिहिताना सही कधी केली नव्हती.

रविवार, ३० जून

नवीन सेटअप केला. सहा फ्लॉप्या. रीडमी नावाची दुसरी फाइल लिहिली, दीड पान, त्यात फक्त सूचना. साहेबरावांकडे सेट पोस्टाने पाठवला. त्यांचं कार्ड आलं, पाटसला पहिल्या झटक्यात चालला.

सकाळी दौंडचा नंबर फिरवला. पूर्ण. पुष्कळ वेळ वाजला. लाइन खराब नव्हती.

दुपारी म्हाळू पाटी घेऊन आला. माझं नाव वर, अंजनाचं खाली, एकाच उंचीची अक्षरं, निळ्यावर पांढरी. सुरेख काढली आहेत. त्याला म्हटलं, खालचं नाव आता लागणार नाही. तो म्हणाला, मग आत्ताच सांगा, बाई. रंग वला हाय तवर फडक्यानं निघंल. एकदा वाळला की निघायचा न्हाई.

फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

म्हटलं, वाळू दे.